ओळख पटल्यास कळवा

मोहसीन शाळा सुटल्यावर सरळ दुकानात आला, तो मोबाइल पुढे धरूनच. काउंटरवर चहा आलेला होता, पण त्याने कपाला हात लावला नाही. “ताई, हे वाच,” तो म्हणाला. “आपल्याकडे आजवर आलेल्यांत हे सगळ्यात मोठं आहे.”

मी बार्शीत नवऱ्याबरोबर मेडिकल चालवते. मोहसीन तांबोळी तेव्हा माझ्या मुलीच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. आम्ही दोघांनी मिळून फेसबुकवर गावाच्या जुन्या फोटोंचं पेज काढलं होतं. कुणाच्या तरी मामाच्या अकाउंटवर, कुठल्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये, बंद पडलेल्या ग्रुपांत गावाचे कितीतरी फोटो नुसते पडलेले असायचे. ते हुडकायचे, मालकाला विचारायचं, मोहसीनने त्यावरचे ओरखडे साफ करायचे आणि मी चार ओळींची माहिती लिहायची, असं आमचं चाले. दर रविवारी ‘ओळख पटवा’ नावाने अनोळखी चेहऱ्यांचा एक फोटो टाकायचो. लोक कॉमेंटमध्ये नावं सांगायचे. मिलच्या जुन्या कबड्डी संघातले सगळे गडी असेच सापडले. शाळेत एका बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणींची गाठ पडली, त्यातली एक सुरतेला होती. ते पेपरात छापून आलं आणि मग माणसं शोधून द्या म्हणणाऱ्यांची रीघ लागली.

हा मेसेज संकेत नावाच्या मुलाचा होता. आई शेवटच्या आजारात आहे, तिची एकच इच्छा उरली आहे, धाकट्या बहिणीला, महानंदाला, भेटायचं. मावशी खूप वर्षांपूर्वी घरातल्या गैरसमजातून निघून गेल्या, बार्शीकडच्या बाजूला असाव्यात. सोबत फोटो. शिवणक्लासचं प्रमाणपत्र हातात धरून एक तरुण बाई उभी, कपाळावर मोठं कुंकू, फोटोची सवय नसलेल्या माणसासारखी ताठ. उजव्या बाजूला फोटो कापलेला होता. कापलेल्या कडेपाशी तिच्या पदरावर एक लहानसा हात तेवढा दिसत होता.

“हे पोर कोण?” मी विचारलं.

“असेल कुणीतरी. ताई, त्याची आई मरायला टेकलीय.”

मी संकेतला उलट विचारलं, पूर्ण फोटो आहे का. लगेच उत्तर आलं की नाही, एवढाच आहे. आईचं नाव विचारलं, तर म्हणाला, पोस्टमध्ये आईचं किंवा माझं नाव घालू नका, नातेवाईक नाही नाही ते बोलतात. प्रत्येक उत्तर गोड, प्रत्येकाच्या शेवटी हात जोडलेले. मी जितकं विचारत होते, त्यापेक्षा तो जास्तच सांगत होता.

मेडिकलच्या काउंटरवर बसून माणसाला एक कळतं. झोपेच्या गोळ्यांसाठी खोटी चिठ्ठी घेऊन येणारा न विचारता लांबलचक गोष्ट सांगतो. ज्याच्या आईला खरंच झोप येत नाही, तो नुसती चिठ्ठी पुढे करतो.

हे मी मोहसीनला बोलून दाखवलं. तो हसला. “तुला सगळीकडे चोर दिसतात,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संकेतने आणखी खुणा पाठवल्या. मावशींनी केस कापले असतील. चष्मा असेल. नाव बदललं असण्याची शक्यता आहे. बरोबर एक मुलगी असेल, आता वयात आलेली. आणि डाव्या हाताची करंगळी बघा, ती वाकत नाही, सरळच राहते, त्यावरून ओळख पटेल. शेवटी लिहिलं होतं, सापडल्या तर आधी त्यांना काही बोलू नका, आम्हाला सरप्राइज द्यायचंय.

मी तो मेसेज कितीतरी वेळ बघत राहिले. घरातल्या गैरसमजातून गेलेली बाई नाव कशाला बदलेल? आणि आईला भेटवायचं आहे, तर तिला आधी का सांगायचं नाही?

मी मोहसीनला बजावलं, त्या आईशी मी स्वतः फोनवर बोलल्याशिवाय हे पोस्ट करायचं नाही. त्याने कुरकुरत मान्य केलं. संकेतने आधी टाळलं, मग एका दुपारी फोन लावून दिला. थकल्या आवाजाची एक म्हातारी होती. बहीण का, असं मी विचारलं. पलीकडे थोडी खुसपुस झाली आणि मग ती म्हणाली, हो, बहीण, धाकटी बहीण. बरं वाटतंय का विचारलं, तर पुन्हा तेच, हो, बहीण. आणि फोन बंद झाला.

माझी शंका या फोनने वाढली. मोहसीनची मात्र फिटली. म्हातारी माणसं फोनवर अशीच बोलतात, त्याचं म्हणणं. त्याची स्वतःची आई त्याच वर्षी गेली होती आणि तिच्या अंथरुणाशी तो वेळेवर पोहोचू शकला नव्हता, हे मला माहीत होतं. म्हणून मी फार ताणलं नाही. थोडं थांबू, एवढंच म्हणाले.

रविवारी मी नणंदेकडे बारशाला गेले होते. जेवणाच्या पंगतीत शेजारच्या बाईने मला मोबाइल दाखवला आणि म्हणाली की शैलजाताई, तुमच्या पेजने आज रडवलं बघा. तोच फोटो. मोहसीनने तो सकाळीच टाकला होता. आजारी आई, हरवलेली मावशी, करंगळीची खूण, सगळं. शेकडो लोकांनी पुढे पाठवला होता. कुणी सोलापूरहून, कुणी पुण्याहून, ‘ओळख पटल्यास कळवा’ म्हणत ग्रुपांवर टाकत होतं. पुण्यकर्म वाटत होतं लोकांना ते.

मी तशीच उठले, हात धुतला आणि जिन्यात जाऊन कॉमेंट वाचायला लागले. बहुतेक नुसते नमस्कार आणि रडणारे चेहरे. मग एका मुलीची कॉमेंट दिसली. या आमच्या हॉस्टेलच्या मेसच्या नंदाताई वाटतात, करंगळी सेम. पुढे कॉलेजचं नाव आणि गाव.

मी ती कॉमेंट उडवली. मग पोस्टच काढून टाकली. मोहसीनला फोन केला तर तो भडकला, इतकी पोचलेली पोस्ट, काय केलंस तू. मी काही सांगणार, तेवढ्यात पेजवर संकेतचा मेसेज आला.

पोस्ट का काढली? एक कॉमेंट होती. मेसची. पूर्ण वाचता आली नाही. कोणतं गाव?

हात जोडलेले नव्हते या वेळी. मी तो मेसेज मोहसीनला पाठवला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला आणि तो एवढंच म्हणाला, “उद्या मी रजा टाकतो. जाऊ आपण.”

कॉमेंट करणाऱ्या मुलीला मी वेगळा मेसेज केला होता. तिने पत्ता सहज दिला नाही. तुम्ही कोण, तुम्हाला त्या कशाला हव्यात, मी आधी त्यांना विचारते, असं म्हणाली. मला बरं वाटलं ते. रात्रीतून तिचं उत्तर आलं की ताई म्हणाल्या, या.

त्या गावाचं नाव मी आजही लिहीत नाही. बाईचं आणि त्या घरातल्यांची नावंही इथे बदललेली आहेत.

आम्ही पोहोचलो तेव्हा ती मेसच्या मागच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. केस मानेपर्यंत कापलेले, चष्मा. आम्हाला बसायला पाट दिले, पाणी दिलं. मी फोटो काढून पुढे केला. तिने मोबाइल हातात घेतला आणि तिची डावी करंगळी बाकीच्या बोटांपासून वेगळी, काडीसारखी सरळ राहिली.

“कुणी पाठवला?”

मी तिला सगळे मेसेज उघडून दिले. तिने ते सावकाश, एकेका ओळीवर थांबत वाचले. संपल्यावर पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून वाचले.

“मला बहीण नाही,” ती म्हणाली. “मी एकटीच. माझ्या आईला मीच एक.”

मोहसीनने मान खाली घातली.

मग तिने तिच्या पद्धतीने, मध्येच मेथीच्या काड्या मोडत, सांगितलं. लग्न होऊन कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका गावात गेली होती. नवरा गावात फार भला, कुणाच्याही मयताला पुढे. घरात वेगळा. करंगळी त्याने दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. का, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिला दोन मुलं, थोरली मुलगी आणि धाकटा मल्लिनाथ. पळून जायचा दिवस ठरवला तो तिघांचा ठरवला होता. पण त्या सकाळी नवऱ्याने मुलाला अचानक गाडीच्या टाकीवर बसवलं आणि बाजाराला घेऊन गेला. एसटी यायची वेळ झाली. ते दोघं परत आले असते तर निघणं झालंच नसतं. मुलीचा हात धरून ती चढली. नंतर कुणाकडून तरी कळलं, मुलाला सांगितलंय की आई वारली.

“पूर्ण फोटो आहे का, असं तुम्ही विचारलंत ना?” तिने त्या कापलेल्या कडेवर बोट ठेवलं. “हा मल्लिनाथ. इथं उभा होता.”

“म्हणजे हा तुमचा नवराच लिहितोय,” मी म्हणाले. “मुलगा स्वतःला कशाला कापेल?”

तिने पुन्हा त्या कडेकडे बघितलं. मग म्हणाली, “कापेल की. बापाला कळू नये म्हणून. नाव पण खोटं सांगेल. करंगळीचं घरात दोघांनाच माहीत. एकानं केलं आणि एकानं बघितलं.”

तिचं बोलणं ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली. इतका वेळ मला खात्री होती, आणि आता समोरच्या बाईच्या डोळ्यांत मला आशा दिसत होती. मी तिला समजावू लागले की हा सापळा आहे, माणसाला जिथं ओढ असते तिथंच तो लावतात. ती ऐकत होती, पण मेथीवरचे हात थांबले होते.

“नवरा शोधत असेल, तर माणूस हरवलं म्हणून नव्हे,” ती शेवटी म्हणाली. “आपल्याला सोडून गेली, म्हणून शोधतो तो. पण मल्लिनाथ असेल तर? आता मोठा झाला असेल. मी उत्तरच दिलं नाही असं होईल ना.”

मग तिनेच मार्ग काढला. रात्री नवरा घरी यायच्या आत ती मुलाला थोपटायची तेव्हा एका नावाने हाक मारायची. दोघांतलंच नाव, कुशीत घेऊन कानात म्हणायचं. दिवसा कधी म्हटलं नाही, कारण मुलाला लाडाने बोललेलं नवऱ्याला खपायचं नाही. थोरलीला झोप लागलेली असायची, तिलाही ते ठाऊक नव्हतं. ते नाव तिने मला सांगितलं, मोहसीन जवळ असूनही माझ्या कानाशी येऊन.

मी मेसेज लिहिला. महानंदाबाईंना ओळखणाऱ्या एक बाई भेटल्या आहेत, पण त्यांना खात्री हवी आहे. महानंदाबाई आपल्या लहान मुलाला झोपवताना कोणत्या नावाने हाक मारायच्या?

एरवी लगेच उत्तर देणारा तो या वेळी गप्प झाला. मेसेज वाचल्याची खूण आली, मग काहीच नाही. लिहितोय असं दिसायचं आणि थांबायचं. तोवर मुली जेवायला आल्या. नंदाताई उठली आणि पंगतीला वाढू लागली. तिने एकदाही आमच्याकडे बघितलं नाही. आम्हालाही ताटं वाढली. 

मुली हात धुवायला उठल्या तेव्हा उत्तर आलं. तिने पदराला हात पुसले आणि मोबाइल घेतला.

सोन्या म्हणायची. आता पत्ता टाका.

तिने मोबाइल उलटा करून ओट्यावर ठेवला. “हा तो नाही,” ती म्हणाली.

मी काहीतरी धीराचं बोलले. बरं झालं, आधीच कळलं, असं काहीतरी. तिने मान हलवली. “बरंच झालं. मला वाटलं होतं, तो शोधत असेल,” ती म्हणाली आणि उष्टी ताटं गोळा करायला गेली.

मोबाइल पुन्हा वाजला, तो मी उचलला. ती तुमच्यासमोरच आहे ना? त्याखाली लगेच, पोरगी पण आहे का तिथं? मोहसीनने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि लिहिलं, या बाई त्या नव्हेत, आमची चूक झाली, क्षमस्व. आणि संकेतचं अकाउंट ब्लॉक करून टाकलं. आठवड्याच्या आत नंदाताईने ती मेस सोडली. हॉस्टेलच्या रेक्टरबाई शहाण्या होत्या, त्यांनी तिची दुसरीकडे सोय केली आणि पोलीस ठाण्यात अर्जही देऊन ठेवला. तिचा नवा नंबर माझ्याकडे होता. मोहसीनने तो मागितला नाही.

‘ओळख पटवा’ आम्ही बंद केलं. लोक विचारत राहिले, आम्ही काही सांगितलं नाही. मला मात्र प्रत्येक नवीन अकाउंट संशयाचं वाटू लागलं. कुणी साध्या घाटाचा फोटो पाठवला तरी मी त्याची सगळी खातरजमा करायची.

आणि मग एका सकाळी तो दुकानात आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं अगदी मऊ. डोकेदुखीची गोळी मागितली. घेऊन झाल्यावर म्हणाला, “ते जुन्या फोटोंचं पेज तुम्हीच चालवता ना, ताई? मंडळींचा तपास लागला होता म्हणे तुमच्याकडं.”

मला कळलं. मी म्हणाले की एक फोटो आला होता, पण ओळख चुकली. तो हसला. त्याने बाहेर वळून हाक मारली, “ए मल्लिनाथ, आण रे ते, यांना दाखव.”

दारात मोटारसायकलवर एक उंच, सडपातळ मुलगा बसला होता. तो आत आला. खिशातून मोबाइल काढून त्याने आमच्या पेजचे मेसेज उघडले आणि अंगठ्याने सरकवत सरकवत माझ्यासमोर धरले. सगळे तेच मेसेज. हात जोडलेले.

“मला हे लिहिता येत नाही,” बाप म्हणाला. “मी सांगतो, पोरगा लिहितो.”

 म्हणजे ‘सोन्या’ याने लिहिलं होतं. प्रश्न यानेच वाचला होता आणि उत्तर याने दिलं होतं. विसरला असेल. इतकी वर्षं कोण लक्षात ठेवतं. ते नाव माझ्या जिभेवर होतं. एकदा नुसतं उच्चारलं असतं तर मुलाने वर बघितलं असतं. पण बाप माझ्या तोंडाकडे टक लावून उभा होता. मुलाने सगळा वेळ मान वर केली नाही. मी पुन्हा तेच सांगितलं, ओळख चुकली. माझा नवरा आतून बाहेर येऊन उभा राहिला, तेव्हा ते दोघं गेले.

नंदाताईला मी यातलं अर्धंच कळवलं. तो येऊन गेला, जपून राहा. मुलगा बरोबर होता, उत्तर त्यानेच लिहिलं होतं, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. तिच्या समजुतीत मुलगा निदान त्या मेसेजच्या बाहेर होता. तो तसाच राहू दे, असं मी ठरवलं.

त्यानंतर दिवाळी झाली, परीक्षा झाल्या. उन्हाळ्यात एका भर दुपारी पेजवर मेसेज आला. नवीन अकाउंट, नाव नुसती दोन अक्षरं, फोटो नाही. मी सवयीने उघडायच्या आधीच उडवणार होते. पण सुरुवातीलाच एक शब्द होता. एकटाच, स्वतंत्र ओळीत.

तेच नाव होतं.

खाली लिहिलं होतं. तेव्हा उत्तर मला येत होतं, बाबा शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, काय म्हणायची रे, म्हणून मी सोन्या सांगितलं. आधी बाबा म्हणायचे आई वारली, मग म्हणाले ती आम्हाला टाकून गेली, म्हणून मी लिहून देत होतो. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा कळलं की तिच्या ते नाव अजून लक्षात आहे. आता मी पुण्यात कामाला आहे, हा मोबाइल माझा आहे. तिला एवढंच सांगा की मला येत होतं.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत खुर्चीत बसले. आणि तेव्हाही, मला सांगायला हवं, पहिला विचार मनात आला तो हाच की बापाने हे नाव पोरातून काढून घेतलं असेल तर? आताही तो शेजारी बसला असेल तर? मी मेसेज परत परत वाचला. कुठंतरी हात जोडलेले दिसतात का, ते शोधलं.

मग मी नंदाताईला फोन लावला. आधी जे सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं, दुकानात आलेला मुलगा, त्याने पुढे धरलेला मोबाइल. मेसेज सावकाश वाचून दाखवला.  वाचून झाल्यावर मी माझी शंकाही सांगितली, सांगणं भाग होतं. हे त्याच्या बापाचंच काम असू शकतं, मी म्हणाले, घाई करू नका.

 मग तिने विचारलं, “पत्ता मागितलाय का त्यानं?”

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बघितलं.

“नाही,” मी म्हणाले. “पत्ता नाही मागितला.”

“मग तोच आहे,” ती म्हणाली.